आडोसा, कडी आणि झरोका

मी बडोद्याहून बोलते आहे. व्यवसायाने आर्किटेक्ट. दुकानं, लहान हॉस्पिटलं, मुलींची वसतिगृहं, शाळांच्या वाढीव खोल्या अशी मध्यम आकाराची कामं मी गेली बावीस वर्षं करते. संयोजकांनी मला आधी घराच्या सजावटीवर बोलाल का, असं विचारलं होतं. मी म्हटलं, त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत, मी कपडे बदलायच्या खोलीवर आणि संडासावर बोलते. फोनवर क्षणभर शांतता झाली. मग ते म्हणाले, चालेल. तर आज तेच.

तुमच्यापैकी बऱ्याच जणींना एक मेसेज आलेला असणार. ट्रायल रूममध्ये गेलात की आरशाला नखाचं टोक टेकवा. नख आणि त्याचं प्रतिबिंब यांच्यात फट दिसली तर आरसा साधा. फट दिसली नाही तर पलीकडून कुणीतरी बघतं आहे, ताबडतोब बाहेर या. हा मेसेज मलाही दर वर्षी दोन-तीनदा येतो, आणि पाठवणारी प्रत्येक बाई काळजीपोटीच पाठवते.

पण ही परीक्षा कच्ची आहे. साध्या आरशाचा मुलामा काचेच्या मागच्या बाजूला असतो, म्हणून काचेच्या जाडीएवढी फट दिसते. पलीकडून दिसणाऱ्या आरशाचाही मुलामा मागच्या बाजूला लावता येतो, मग तिथेही फट दिसणारच. उलट पुढून मुलामा दिलेला आरसा अगदी निर्दोष असूनही फट दाखवणार नाही. तसला आरसा चालतो तो एकाच अटीवर: या बाजूला लख्ख उजेड आणि त्या बाजूला अंधार. तेव्हा बघायचंच असेल तर दोन्ही हातांचा आडोसा करून डोळे काचेला लावा, किंवा मोबाइलची बॅटरी काचेला अगदी टेकवून पेटवा. पलीकडे पोकळी असेल तर अंदाज येतो.

हे सांगितलं खरं, पण मला सांगायचं आहे ते निराळंच. असा आरसा बसवायला भिंतीमागे एक अंधारी खोली लागते, खर्च लागतो. मोबाइलला काहीच लागत नाही. वर्तमानपत्रात येणाऱ्या बातम्या नीट वाचा. पार्टिशनच्या वरून आलेला हात, दाराखालच्या फटीतून सरकवलेला फोन, झरोक्यात ठेवलेला फोन, असंच पुन्हा पुन्हा वाचायला मिळतं. म्हणजे वाट आरशातून नसते, ती खोली बांधताना आम्ही ठेवलेल्या फटीतून असते. आणि आम्ही बाईला सांगतो, नख लाव. चारशे रुपयांचा कुर्ता अंगावर घालून बघायचा, तर तिने आधी आरसा तपासायचा, खुंटी तपासायची, छताचा दिवा निरखायचा. इतकं करून काही घडलंच तर पहिला प्रश्न तिलाच, तू बघितलं नव्हतंस का? खोली ज्याची आहे, भाडं ज्याला मिळतं, नकाशावर ज्याची सही आहे, त्याला हा प्रश्न कुणी विचारत नाही. माझं आजचं सगळं बोलणं या एका गोष्टीभोवती आहे.

आता खोलीकडे येऊ, कारण तो माझा धंदा आहे.

मॉलमध्ये, ऑफिसात संडासांची जी तयार पार्टिशनं असतात ती जमिनीपासून साधारण सहा इंच वर असतात आणि त्यांची एकूण उंची साडेसहा फूट. सरासरी उंचीच्या माणसाने हात वर केला तर त्याच्या हातातला फोन त्याहून वर जातो. मग अशी पार्टिशनं करतातच का? कारणं खोटी नाहीत. खालून फट असली की पाणी मारून फरशी धुता येते. आत कुणी चक्कर येऊन पडलं तर पाय दिसतात. वरून मोकळं असलं की एका दिव्यात चार खाणी भागतात, हवाही खेळते. आणि स्वस्त पडतं. मालकाला शेवटचं कारण पुरेसं असतं, बाकीची आम्ही त्याला पुरवतो.

ही सगळी कारणं दुसऱ्या मार्गाने सुटतात. भिंत खालपासून छतापर्यंत न्या. प्रत्येक खणाला स्वतःचा दिवा आणि हवा ओढणारा पंखा द्या. दाराखाली पाणी जाण्यापुरती अर्धा इंच जागा ठेवा. आतून लावलेली पण अडचणीच्या वेळी बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येणारी कडी बाजारात मिळते, तिच्यावर लाल-हिरवी खूणही असते. आत कुणी आहे का हे बघायला वाकावं लागत नाही, दार ढकलावं लागत नाही. खर्च वाढतो, नाही असं नाही. पण त्याच दुकानाच्या दर्शनी भागावर जो दगड लागतो, त्याच्या मानाने किती वाढतो हे मी गिऱ्हाइकाला कागदावर मांडून दाखवते. बहुतेक वेळा तो गप्प होतो. काही वेळा मी काम सोडते.

खुंटीचं सांगते. ही सगळ्यात स्वस्त वस्तू आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी. खुंटी नसली की ओढणी, जीन्स, पर्स सगळं दाराच्या वरच्या कडेवर टाकावं लागतं, नाहीतर दातात धरावं लागतं. त्यात कडी मोडकी असेल तर एका पायाने दार दाबून धरायचं. बसमधून उतरून महामार्गावरच्या ढाब्यात गेलेल्या प्रत्येक बाईला ही कसरत येते. कुणी शिकवलेली नसते, तरी येते.

आणखी एक गोष्ट, जी आम्ही आर्किटेक्ट मंडळीसुद्धा हमखास विसरतो. बायकांच्या स्वच्छतागृहाचं दार उघडल्याबरोबर समोर बेसिन आणि बेसिनवर मोठा आरसा. दार उघडलं की बाहेर उभ्या माणसाला त्या आरशात आतलं सगळं दिसतं. इथे काही छुपं नाही, कुणाचा वाईट हेतूही नाही, आणि तरी रोज पन्नास वेळा आतल्या बायकांचा आडोसा मोडतो. दारासमोर एक आडवी भिंत घातली, दोन पावलं वळून आत जावं लागलं, की प्रश्न मिटतो. तीन-साडेतीन फूट जागा जाते. दुकानदाराला तेवढ्यात एक रॅक बसवायचा असतो.

झरोका म्हणजे व्हेंटिलेटर. आम्ही तो आतून सात फुटांवर ठेवतो आणि काम झालं समजतो. बाहेर काय आहे ते कोण बघतं? बाहेर जोतं असतं, विटांचा ढीग असतो, एसीचं यंत्र असतं, उभी केलेली स्कूटर असते. त्यावर चढलं की सात फुटांचे चार होतात. झरोका डक्टमध्ये उघडत असेल तर त्या डक्टची किल्ली कुणाकडे आहे, हे विचारायला हवं. मुलींच्या वसतिगृहाचं काम असलं की मी हा प्रश्न पहिल्या बैठकीत विचारते. एका ठिकाणी उत्तर मिळालं होतं, किल्ली नाहीच, दार नुसतं ओढून घेतलेलं असतं.

ट्रायल रूमच्या बाबतीत गोव्यातलं प्रकरण आठवत असेल. एप्रिल २०१५. तेव्हाच्या केंद्रीय मंत्री स्मृती इराणी कांदोळीच्या एका कपड्यांच्या दुकानात गेल्या होत्या आणि तिथल्या एका कॅमेऱ्याचा रोख ट्रायल रूमकडे आहे अशी तक्रार झाली. पोलिसांत गुन्हा नोंदला गेला, देशभर गाजावाजा झाला. दुकानाचं म्हणणं होतं की हा कॅमेरा छुपा नाही, दुकानावर लक्ष ठेवण्यासाठी लावलेल्या नेहमीच्या कॅमेऱ्यांपैकी एक आहे. त्यात खरं-खोटं करणं माझं काम नाही. मला त्यातला साधा बांधकामाचा मुद्दा दिसतो. चोरी पकडायला कॅमेरा छतावर लागणार. छतावरून बघितलं तर वरून उघडी असलेली प्रत्येक खोली ही खोली नसून नुसता खोका असतो. ट्रायल रूमला छत असलं, तर छतावरच्या कॅमेऱ्याचा रोख कुठे आहे याने काहीच फरक पडत नाही.

छताची गोष्ट मला शिकवली ती मात्र कुठल्या मॉलने नाही. आमच्या बडोद्यात, अहमदाबादेत बांधकामावर जे मजूर येतात त्यातले पुष्कळसे दाहोदचे, पंचमहालचे, मध्य प्रदेशातल्या झाबुआचे आदिवासी. अख्खी कुटुंबं येतात, साइटवरच राहतात. बायकांच्या अंघोळीसाठी चार बांबू, तीन पत्रे आणि दाराच्या जागी जुनी साडी. काम सुरू होताना हे पुरतं. जमिनीवर उभ्या माणसाला आतलं दिसत नाही. पण इमारत वाढते. पहिला स्लॅब पडतो, दुसरा पडतो. मग वर काम करणाऱ्या प्रत्येक माणसाला त्या तीन पत्र्यांच्या आत सरळ दिसतं. जो आडोसा फेब्रुवारीत होता तो जूनमध्ये उरत नाही, आणि पत्रा तर एक इंचही हललेला नसतो.

अशाच एका साइटवर मी ठेकेदाराला सांगत होते की पत्रे आणखी उंच करा. शेजारी पाटी घेऊन उभी असलेली दाहोदची एक वयस्क बाई म्हणाली, "बेन, भिंती आहेत. वर छप्पर पाहिजे." तेवढंच बोलून ती कामाला लागली. मग चौकशी केली तेव्हा कळलं, दुसरा स्लॅब पडल्यापासून सगळ्या बायका पहाटे चारला, अंधारात, अंगावर कपडे ठेवून अंघोळ करत होत्या. पावसाळ्यात ओलेच कपडे अंगावर सुकवत होत्या. कुणी तक्रार केली नव्हती, कारण तक्रार करायची कुणाकडे? मुकादमही वरच्या स्लॅबवरच असायचा.

तेव्हापासून माझ्या अंदाजपत्रकात एक ओळ असते. जोत्याच्या आधी. छप्पर, आतून कडी, खुंटी, दिवा आणि पाण्याचा नळ असलेल्या बायकांच्या दोन मोऱ्या आणि दोन संडास. ठेकेदार म्हणतात, मॅडम, ही माणसं गावाकडे उघड्यावरच जातात. मी म्हणते, गावाकडे वर स्लॅबवर तीस अनोळखी पुरुष उभे नसतात.

ही माझी मेहेरबानी नाही बरं का. बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली जो केंद्रीय कायदा झाला, त्यात साइटवर संडास-मुतारीची सोय करणं मालकावर बंधनकारक केलं. त्याच्याही आधी, १९४८ च्या कारखाने कायद्यात बायका आणि पुरुषांसाठी धुण्या-न्हाण्याची वेगळी आणि पुरेसा आडोसा असलेली सोय असावी असं स्पष्ट म्हटलं होतं. पुरेसा आडोसा! १९४८ साली कुणीतरी हा शब्द विचार करून घातला. पुरेसा कशापासून, ते प्रत्येक पिढीत बदलतं. तेव्हा नजरेपासून, आता फोनपासून. ड्रोन आले आहेत.

ड्रोनवरून कुंभमेळा आठवला. २०२५ मध्ये प्रयागराजला स्नान करणाऱ्या आणि कपडे बदलणाऱ्या बायकांचे व्हिडिओ समाजमाध्यमांवर टाकले गेले, काही विक्रीलाही होते, आणि उत्तर प्रदेश पोलिसांनी त्यावर गुन्हे नोंदवले. आता पाळी नाशिकची आहे. रामकुंडावरच्या इमारतीला आपल्याकडे फार सुंदर नाव आहे, वस्त्रांतरगृह. पण कोट्यवधी माणसं येतात तेव्हा एका वस्त्रांतरगृहाने काय होणार? मग घाटावर कापडाचे नाहीतर पत्र्याचे आडोसे उभे राहतात, वरून उघडे. घाटाला पायऱ्या असतात, पायऱ्यांवर माणसं, वर पूल. पुन्हा तोच स्लॅब. सिंहस्थाच्या कामाशी संबंधित कुणी हे ऐकत असेल तर माझी एकच मागणी आहे, निविदेत "चेंजिंग रूम" लिहाल तिथे "छतासह" हा शब्द घाला.

आपल्याकडे हा प्रश्न बायकांनी गप्प बसून सोसला असं मात्र समजू नका. मुंबईत २०११ मध्ये "राइट टू पी" ही चळवळ उभी राहिली. नावाला लोक हसले. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून मात्र पैसे, हा साधा हिशेब त्यांनी चव्हाट्यावर मांडला. "मिळून साऱ्याजणी" या आपल्या मासिकाने याचिका केली आणि डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकांना बायकांच्या स्वच्छतागृहांबद्दल आदेश दिले. एका मराठी मासिकाने हे केलं, याचा मला इथे बडोद्यात बसून अभिमान वाटतो.

तिकडे कोझिकोडला मिठाई तेरुवू नावाची बाजारपेठ आहे. तिथल्या दुकानांत काम करणाऱ्या मुलींना दिवसभर लघवीला जायची सोय नव्हती. पी. विजी नावाच्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईने त्यांना एकत्र केलं, "पेणकूट्ट" ही संघटना काढली. मागणी संडासाची होती, ती वाढत वाढत कामाच्या वेळी बसायला मिळण्याच्या हक्कापर्यंत गेली आणि २०१८ मध्ये केरळ सरकारने दुकानांच्या कायद्यात तशी दुरुस्ती केली. त्याच केरळमध्ये ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायमूर्ती हेमा समितीचा अहवाल बाहेर आला. त्यातल्या लैंगिक छळाच्या भागावर सगळीकडे चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. पण त्या अहवालात संडास आणि कपडे बदलायची जागा यांच्यावरही बरंच काही आहे. बाहेरगावच्या चित्रीकरणात अभिनेत्रींना झुडपांमागे जावं लागतं, कुणीतरी कापड धरून उभं राहतं, म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत, मग मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग. कोट्यवधींचा सिनेमा आणि दाहोदची मजूर बाई, दोघींचा दिनक्रम इतका सारखा असावा!

कायद्याचं थोडक्यात सांगते, मी वकील नाही. पूर्वीच्या दंडसंहितेत २०१३ मध्ये कलम ३५४ क आलं, आता भारतीय न्याय संहितेत ते ७७ आहे. बाई कपडे बदलत असताना किंवा स्वच्छतागृह वापरत असताना तिच्याकडे चोरून बघणं हाही गुन्हा आहे. फोटो काढलाच पाहिजे असं नाही. पहिल्यांदा दोषी ठरला तर किमान एक वर्ष, जास्तीत जास्त तीन वर्षं. पुन्हा केलं तर तीन ते सात. फोटोला तिची संमती होती पण पसरवायला नव्हती, तरी पसरवणं गुन्हाच.

आणि एक कळकळीची विनंती. असा कुणी सापडला की आपल्याकडे काय होतं? चार लोक त्याला चोप देतात, व्हिडिओ डिलीट करायला लावतात आणि सोडून देतात. ते करू नका. डिलीट केल्याने पुरावा हाताबाहेर जातो आणि दुसरीकडे साठलेली प्रत तशीच राहू शकते. फोन जसा आहे तसा ठेवा, ११२ ला फोन करा, दुकानदाराला कॅमेऱ्यांचं चित्रण जपून ठेवायला लेखी सांगा, कारण जुनं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं.

पुरुष आणि बायकांना मिळून एकच टॉयलेट असावं की नाही, हे मला नेहमी विचारतात. लहान कॅफेत, दवाखान्यात एकच खोली असेल तर हरकत काहीच नाही, फक्त ती पूर्ण भिंतींची, आतच बेसिन असलेली हवी. आपल्या घरात तसंच असतं. स्टेशनवर, कोर्टात, बाजारात मात्र वेगळी सोय लागतेच. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये देशातल्या सगळ्या न्यायालयांत पुरुष, स्त्रिया, अपंग आणि तृतीयपंथी यांच्यासाठी वेगळी स्वच्छतागृहं करायला सांगितली. अर्ध्या पार्टिशनची भीती तृतीयपंथी व्यक्तीला बाईइतकीच असते, हे कुणी लक्षात घेत नाही.

एक प्रश्न आधीच आला आहे, इंदूरहून. एका आई विचारतात, मुलीच्या होस्टेलच्या बाथरूमला झरोक्याची काचच नाही, वॉर्डन म्हणतात वर्तमानपत्राचा कागद चिकटवा. ताई, कागद वाफेने दोन दिवसांत गळून पडतो. वॉर्डनना तोंडी सांगू नका. व्यवस्थापनाला पत्र द्या, पोच घ्या. पत्रात "असुरक्षित वाटते" एवढंच लिहू नका, त्याला उत्तर येतं की आमच्याकडे सगळं सुरक्षित आहे. मोजमाप लिहा. झरोका आतून किती फुटांवर, बाहेरून किती फुटांवर, बाहेर खाली काय आहे, डक्ट असेल तर दाराला कुलूप आहे का. फोटो जोडा. तिथे न उघडणारी दुधी काच आणि पंखा बसवायला एक माणूस आणि एक दिवस लागतो, हेही लिहा. शक्य असेल तर मजल्यावरच्या सगळ्या मुलींच्या सह्या घ्या, म्हणजे तुमची मुलगी एकटी पडणार नाही. टेप नसेल तर फुटपट्टीही चालते.